व्हेरिएबल स्पीडच्या नावाखाली साधाच पंप गळ्यात मारला, घरी स्विमिंग पूल असेल तर नक्की वाचा

घरच्या स्विमिंग पूलसाठी वीज वाचवणारा पंप घ्यायचा विचार चालू असेल तर पैसे देण्याआधी हे पूर्ण वाचा. आम्हाला जे विकलं गेलं ते तोंडी थापा मारून नाही, चक्क मीटर लावून आमच्या डोळ्यांसमोर "बचत" दाखवून विकलं गेलं, आणि ती दाखवायची पद्धत एकदा समजली की तुम्हाला तसं कोणी फसवू शकणार नाही. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही कारण तक्रार अजून चालू आहे, आणि खरं सांगायचं तर हा प्रकार तो एकटाच करत असेल असं मला वाटत नाही.

आधी हे कळायला हवं की व्हेरिएबल स्पीड पंप (म्हणजे ज्याचा स्पीड कमी-जास्त करता येतो तो) वीज वाचवतो तो कशामुळे, कारण सगळी फसवणूक याच मुद्द्याभोवती फिरते. साधा पंप एकाच स्पीडने फिरतो, ५० हर्ट्झच्या सप्लायवर साधारण २८५० ते २९०० आरपीएम (मिनिटाला फेरे). तोच स्पीड निम्मा केला तर पाणी निम्मं येतं, प्रेशर पाव होतं आणि वीज लागते आठव्या हिश्शाच्या आसपास (मोटर आणि ड्राइव्ह, म्हणजे स्पीड बदलणारं सर्किट, यांचा स्वतःचा लॉस धरला तर थोडी जास्त). पाणी निम्मं येतं म्हणून पंप दुप्पट वेळ चालवला तरी तेवढ्याच पाण्याला चौथ्या हिश्शाच्या जवळपासच वीज जाते. आणि हे गणित पूलला इतकं चांगलं लागू पडतं कारण पूलमधलं पाणी फिरून परत पूलमध्येच येतं, उंचावर चढवायचं नसतं, फक्त पाईप, फिल्टर, एल्बो यातलं घर्षण तोडायचं असतं. गच्चीवरच्या टाकीला पाणी चढवणाऱ्या पंपाचा स्पीड असा निम्मा केला तर पाणी वर पोचणारच नाही. म्हणून पूलसाठी व्हेरिएबल स्पीड ही खरोखर चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल मनात शंका ठेवू नका. प्रश्न एवढाच की तुम्हाला मिळतोय तो तसा आहे का.

आम्हाला मिळाला तो दोन एचपीचा पंप आणि त्याच्यासोबत भिंतीवर लावायचा एक बॉक्स, त्यावर डिजिटल डिस्प्ले, वर-खाली बटणं, १००, ८०, ६०, ४० टक्के असे आकडे. हा "इन्व्हर्टर कंट्रोलर" आहे, यानेच स्पीड कमी-जास्त होतो, असं सांगितलं. मग डेमो. वायरवर टाँग टेस्टर (वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) लावला, बॉक्स बंद असताना ११ अँपिअर. बॉक्स चालू केला, सव्वाआठ. मग तो म्हणाला आता ४० टक्क्यांवर घेतो, बटण दाबलं, त्याचा माणूस तोवर रिटर्न लाईनच्या (फिल्टरमधून पाणी परत पूलमध्ये नेणाऱ्या पाईपच्या) व्हॉल्व्हपाशी "हवा काढतोय" म्हणून काहीतरी करत होता, आणि टेस्टरवर साडेसहा अँपिअर. अकरावरून साडेसहा म्हणजे चाळीस टक्के बचत झालीच ना, आकडा समोर दिसतोय, कोणाला वाटेल खोटं आहे म्हणून?

आता यात काय केलं होतं ते नीट बघा, कारण दोन वेगवेगळ्या युक्त्या एकावर एक रचल्या होत्या.

पहिली युक्ती कपॅसिटरची. टाँग टेस्टर फक्त करंट दाखवतो. घरच्या लाईटबिलात आपण युनिटचे पैसे भरतो आणि युनिट म्हणजे वॅट गुणिले तास, अँपिअर नाही. मोटरला कामाच्या करंटबरोबर चुंबकत्वासाठी जो जास्तीचा करंट लागतो तो घरचं युनिटचं मीटर मोजत नाही. सप्लायला कपॅसिटर जोडला की तो जास्तीचा करंट कपॅसिटरमधून भागतो, सप्लायच्या वायरमधला करंट कमी दिसतो, पॉवर फॅक्टर (एकूण करंटमधला खऱ्या कामाचा हिस्सा) सुधारतो, पण मोटर खाते ते वॅट तेवढेच राहतात. २३० व्होल्टला ११ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.७५ धरा, साधारण १९०० वॅट येतात. २३० व्होल्टला सव्वाआठ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर एकच्या जवळ, परत १९०० वॅटच. एक पैशाची बचत नाही. घरोघर "पॉवर सेव्हर" म्हणून जे डबे विकतात त्यात हाच प्रकार असतो.

दुसरी युक्ती व्हॉल्व्हची, आणि ही मला जास्त घातक वाटते कारण यात वॅटसुद्धा खरंच कमी होतात. पूलचे पंप सेंट्रिफ्युगल असतात (आतल्या फिरत्या चक्राने पाणी बाहेर फेकणारे), त्यांचा डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद केला की मोटरवरचा लोड वाढत नाही, उलट कमी होतो. बऱ्याच लोकांना उलटं वाटतं, की कोंडलं म्हणजे जोर जास्त लागेल. तर व्हॉल्व्ह आवळल्यावर करंट उतरला तो स्पीड कमी झाल्यामुळे नाही, पाणी कोंडल्यामुळे. वॅट थोडे उतरतात, पाणी त्याहून खूप जास्त उतरतं, म्हणजे प्रत्येक हजार लिटरमागे वीज पहिल्यापेक्षा जास्तच जाते. हे म्हणजे ब्रेक दाबून ठेवून गाडी चालवायची आणि बघा कशी सावकाश चालते म्हणायचं.

संशय आला तो बिलावरून, पण पकडलं प्रेशर गेजवरून. फिल्टरच्या डोक्यावर जो साधा गोल गेज असतो ना, तोच. स्पीड खरोखर निम्मा झाला तर गेज जवळजवळ पाव व्हायला पाहिजे. आमच्याकडे बटणाने १०० चे ४० केले तरी काटा जागचा हलत नव्हता, आणि आवाजही तोच, खरा पंप निम्म्या स्पीडला इतका शांत होतो की जवळ उभं राहून कान द्यावा लागतो. डेमोच्या वेळी व्हॉल्व्ह फिल्टरच्या पुढे आवळला होता तेव्हा तर गेज वर गेला असणार, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष टेस्टरकडे होतं, तेच त्यांना हवं होतं. मग घरातली बाकी सगळी उपकरणं बंद करून फक्त पंप चालू ठेवला आणि मीटरवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजलं. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं (३२०० वगैरे), त्यावरून वॅट काढता येतात. १०० टक्क्यांवर आणि ४० टक्क्यांवर फरक शून्य.

ओळखीच्या वायरमनदादांना बोलावून बॉक्स उघडून घेतला. आत एक कपॅसिटर, एक रिले आणि डिस्प्लेचं बोर्ड, बस. सप्लायच्या वायरी सरळ मोटरकडे गेलेल्या. दादा बघताक्षणी म्हणाले, अहो ही मोटर सिंगल फेज आहे, पाठीवर कपॅसिटर आहे बघा, हिचा स्पीड असा बटणाने नीट कमी-जास्त होतच नाही, खरा व्हेरिएबल स्पीड पूल पंप असता तर परमनंट मॅग्नेट मोटर असती आणि ड्राइव्ह बहुतेक तिच्यावरच बसवलेला असता. मग मोटरवरचा चकचकीत स्टिकर सोलला, खाली मूळ नेमप्लेट. स्टिकरवर "पॉवर १.५ किलोवॅट" होतं. नेमप्लेटवर पी२ १.५ आणि पी१ १.९. पी२ म्हणजे मोटर शाफ्टला देते ती ताकद, पी१ म्हणजे सप्लायमधून ओढते ती, आणि बिल येतं पी१ चं. आम्हाला तुलना करून दाखवताना आमच्या जुन्या पंपाचा पी१ आणि नव्याचा पी२ घेतला होता, म्हणजे तिथूनच सुरुवात झाली होती. आरपीएमच्या जागी एकच आकडा, २८५०. व्हेरिएबल असता तर तिथे रेंज असती.

स्टिकरवर आयई३ पण छापलेलं होतं. त्यानेही भुलू नका, आयई२, आयई३, आयई४ हा मोटरचा वर्ग आहे, पंपाचा नाही, चांगल्या मोटरला भलत्या मापाचा पंप जोडला तरी वीज वायाच जाते.

आणि माप तर भलतंच होतं, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. "मोठा पंप लवकर काम उरकतो म्हणून बिल कमी येतं" असं आम्हाला ठासून सांगितलं, ते वरच्या गणिताच्या बरोबर उलट आहे. समजा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे ४८ हजार लिटर. सगळं पाणी आठ तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं असेल तर तासाला ६ हजार लिटर पुरतात. वाळूचा फिल्टर ५०० मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्यातून तासाला साधारण १० हजार लिटरच्या पुढे पाणी ढकलू नये, नाहीतर वाळूत वाटा पडतात आणि घाण तशीच परत पूलमध्ये येते. दोन एचपीचा पंप सहज याच्या दुप्पट ढकलतो. आमचं पाणी पूर्वीपेक्षा गढूळ दिसायला लागलं त्याचं कारण हेच होतं, आणि त्यावर विक्रेत्याने उपाय काय सांगितला तर जास्त केमिकल टाका.

कॅटलॉगमध्ये क्यू मॅक्स आणि एच मॅक्स असे दोन मोठे आकडे शेजारी शेजारी छापतात, तेही कधी एका वेळी मिळत नाहीत. क्यू म्हणजे पाणी, एच म्हणजे हेड, म्हणजे पंप किती मीटर उंचीइतका जोर लावतो ते. जास्तीत जास्त पाणी मिळतं तेव्हा हेड शून्य, जास्तीत जास्त हेड असतं तेव्हा पाणी शून्य. पूर्ण कर्व्ह (किती हेडला किती पाणी ते दाखवणारा आलेख) मागा, तुमच्या लागणाऱ्या फ्लोला आणि तुमच्या लाईनच्या हेडला पंप किती वॅट खातो ते त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा. अमेरिकेत १९ जुलै २०२१ पासून पूल पंपांना जो सरकारी नियम लागू झाला त्यातही पंप मोजतात तो एका युनिटमध्ये किती गॅलन पाणी फिरतं यावरच, अँपिअरवर नाही. तुम्हीही विक्रेत्याला तोच प्रश्न विचारा: एका युनिटमध्ये किती हजार लिटर? डेमो दाखवायचाच असेल तर टाँग टेस्टर नको, वॅट दाखवणारा मीटर लावा, सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवा, त्याच्या माणसाला पाईपपासून लांब उभं करा आणि एकाने गेजसमोर उभं राहायचं.

खरा व्हेरिएबल घेतलात तरी तो चोवीस तास मंद चालवून भागत नाही हेही कोणी सांगत नाही. बॅकवॉशला (फिल्टर उलट्या पाण्याने धुताना) आणि पूलचा तळ व्हॅक्यूम करताना स्पीड वाढवावा लागतो, सॉल्ट क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) किंवा हीटर असेल तर त्यांना ठराविक फ्लो लागतो, नाहीतर ते फ्लो स्विचवर बंद पडतात.

आमच्या तक्रारीचं म्हणाल तर आधी उत्तर आलं की तुमच्या पाईपलाईनचा दोष आहे, मग नेमप्लेटचे फोटो पाठवल्यावर एकदम सूर बदलला, बॉक्स "अपग्रेड" करून देतो, माणूस पाठवतो, बॉक्स आणि मोटर दोन्ही सर्व्हिसला नेऊ द्या. आम्ही दिलं नाही, कारण पुरावा तेवढाच आहे. बिलावर त्याने नुसतं "पूल पंप सेट" लिहिलंय, "व्हेरिएबल स्पीड" हा शब्दच नाही, आणि आता तो म्हणतो आम्ही तसं कधी म्हणालोच नव्हतो. नशिबाने ज्या मेसेजमध्ये त्याने टक्केवारीचा तक्ता पाठवला होता तो जपून ठेवलेला आहे. तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर मोटरचा प्रकार, आरपीएमची रेंज आणि पी१ लिहून घ्या. आणि असा बॉक्सवाला पंप ज्यांच्याकडे आधीच बसवलेला आहे त्यांनी आजच मोटरवरचा स्टिकर सोलून खालच्या प्लेटचा आणि बॉक्सच्या आतला फोटो काढून ठेवा, फोटो काढल्याशिवाय त्यातलं काहीही कोणाला घेऊन जाऊ देऊ नका. बॉक्स उघडण्याआधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनकडूनच उघडून घ्या, कपॅसिटर सप्लाय बंद केल्यावरही चार्ज धरून राहतो.