सर्व्हिस प्लॅन माझ्या गळ्यात कसा मारला

सेल्समनने टॅब पुढे सरकवला. ‘सर, इथे बोटाने सही करा, डिलिव्हरीचं आहे.’ स्क्रीनवर सहीचा रिकामा चौकोन तेवढा दिसत होता, त्यावरचा मजकूर त्याने आधीच वर ढकललेला. काचेपलीकडे माझी नवी मोटरसायकल पुसणं चाललं होतं. माझं अर्धं लक्ष तिकडे. सही केली.

त्या सहीने मी तीन वर्षांचा सर्व्हिस प्लॅन विकत घेतला होता. पैसे खिशातून गेले नाहीत म्हणून ते जाणवलंही नाही. रक्कम सरळ कर्जात मिसळली होती. म्हणजे जी सर्व्हिस मी दोन वर्षांनी करून घेणार, तिच्यावरचं व्याज आजपासून सुरू.

प्लॅनबद्दल तो काहीच बोलला नव्हता असं नाही. दोन वाक्यं बोलला आणि दोन्ही खोटी निघाली. पहिलं, ‘डिस्काउंट प्लॅनवाल्यांनाच आहे सर, प्लॅन काढला तर डिस्काउंटही निघेल.’ कोटेशनवर डिस्काउंटची वजा आणि प्लॅनची अधिक रक्कम जवळजवळ सारखीच होती, त्यामुळे प्लॅन फुकटात पडतोय असं मला वाटलं. दुसरं, ‘प्लॅन नसेल तर वॉरंटीला अडचण येते.’ वॉरंटीची पुस्तिका घरी आल्यावर वाचली. सर्व्हिस ठरलेल्या किलोमीटरला किंवा मुदतीत करून घ्या, तिची नोंद ठेवा, एवढंच त्यात होतं. प्लॅनचा शब्दही नव्हता.

पहिली शंका आली ती ऑफिसमधल्या एकामुळे. त्याने त्याच आठवड्यात तेच मॉडेल दुसऱ्या शोरूममधून घेतलं. डिस्काउंट तेवढाच, प्लॅन नाही. त्या रात्री मी सगळे कागद काढून बसलो.

प्लॅनमध्ये ६ सर्व्हिस. गाडीचं वेळापत्रक असं: पहिली सर्व्हिस १,००० किलोमीटरला किंवा ३० दिवसांनी, मग खरेदीपासून दर ५,००० किलोमीटर किंवा ६ महिन्यांनी, जे आधी होईल ते. माझं चालवणं बेताचं, म्हणजे मला मुदतच आधी लागू होणार. तीन वर्षांत सर्व्हिस होतात ७. त्यातल्या पहिल्या तीन कंपनीच्या कूपनवर, लेबर मोफत. उरल्या ४. मग ६ सर्व्हिसचा प्लॅन मी वापरणार कुठे? दोन आपोआप बाद, किंवा मोफत कूपनांच्या जागी प्लॅनमधल्या खर्ची पडणार. आणि प्लॅनमध्ये होतं काय? लेबर, धुलाई आणि ऑइलवर थोडी सूट. ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, टायर, बॅटरी हे सगळं ‘झिजणारे भाग’ म्हणून वगळलेलं. मोटरसायकलवर खरा खर्च होतो तो याच भागांवर. साध्या सर्व्हिसचं लेबर त्यापुढे किरकोळच.

अटींच्या सातव्या ओळीत एक दिलासा होता. एकही सर्व्हिस वापरली नसेल तर ३० दिवसांत प्लॅन रद्द करता येतो. डिलिव्हरीला २६ दिवस झाले होते. कुपनांची पुस्तिका उघडली. तिन्ही कूपनं शाबूत, फाडायच्या छिद्रांची रेघ जशीच्या तशी. आधी हायसं वाटलं, मग घाम फुटला, कारण १९व्या दिवशी मी पहिली सर्व्हिस करून आलो होतो. मग कूपन फाडलं का नाही? जॉब कार्ड, म्हणजे त्या सर्व्हिसचा कामाचा कागद, शोधलं. सर्व्हिस प्रकार: ‘प्लॅन – १’. खाली सही माझीच. सर्व्हिस ॲडव्हायझरने गाडीचा नंबर टाकला आणि कंपनीचं मोफत कूपन बाजूला ठेवून प्लॅनमधली एक सर्व्हिस खर्ची टाकली. प्लॅन ‘वापरला’ गेला, रद्द करायचा हक्क संपला, आणि १,००० किलोमीटर उलटल्यावर ते कूपनही बाद होणार होतं. ही चूक होती की शिकवलेली रीत, हे मला आजही सांगता येणार नाही. मला तरी ती रीतच वाटते.

हे असं का चालतं, ते तिथल्याच एका जुन्या मेकॅनिकने गाडी उभी करताना सांगितलं. गाडीच्या विक्रीत डीलरला सुटतं ते थोडं. कमाई विमा, कर्ज, ॲक्सेसरीज आणि प्लॅन यांवर. सेल्समनचा पगार लहान, बाकी इन्सेंटिव्ह. इन्सेंटिव्हचे टप्पे असतात. महिन्याला ठरलेले प्लॅन विकले तर सगळ्यांवर पैसे, एक कमी पडला तर दर खाली येतो. ‘तुम्ही महिनाअखेरीला आलात,’ तो म्हणाला आणि हसला. तेव्हापासून त्या सेल्समनवरचा राग थोडा कमी झाला, शोरूमवरचा वाढला.

तोंडी भांडून काही होत नाही, हे दोन फेऱ्यांत कळलं. ‘मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत.’ मग कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला, फक्त दोन प्रश्न आणि सोबत कोटेशन, जॉब कार्ड आणि न फाडलेल्या कुपनाचा फोटो. डिस्काउंट प्लॅनला जोडलेला होता का? आणि माझी पहिली सर्व्हिस मोफत कुपनावर का नोंदली नाही? उत्तर आलं की डिस्काउंट त्या महिन्यातल्या सर्व खरेदीदारांना होता, प्लॅनची अट नव्हती. शिवाय तो प्लॅन कंपनीचा नव्हताच, डीलरचा स्वतःचा होता. म्हणजे दुसऱ्या कुठल्याही सर्व्हिस सेंटरवर तो चालला नसता. प्लॅन घ्यायचाच असेल तर तो कोणाचा, हे आधी लेखी विचारा. आणि प्लॅनशिवायचं कोटेशन वेगळ्या कागदावर मागा. ‘सिस्टीममधून तसं निघत नाही’ असं उत्तर आलं की समजून जा. पहिल्या सर्व्हिसला कूपन तुमच्यासमोर फाडलं जातंय ना, तेही बघा. मला हे सांगणारं कोणी नव्हतं.

ईमेलची प्रत डीलरकडेही गेली असावी, कारण चौथ्या दिवशी मॅनेजरचाच फोन आला. पहिली सर्व्हिस कुपनावर फिरवली, प्लॅन रद्द केला, ‘प्रक्रिया शुल्क’ कापून रक्कम माझ्या खात्यात जमा केली. कर्ज मात्र तेवढंच राहिलं. ते कमी करायला बँकेत गेलो, तर मुदतीआधी काही रक्कम भरण्यावरही शुल्क आहे म्हणाले. हिशेब केला, मिळतंय त्याहून जास्त जात होतं. हप्ता तोच चालू आहे, अजून २१ बाकी.