ग्रीसमध्ये शिकलेले सेलिंग मुंबई बंदरात किती कामी येते? एका हंगामानंतरचा अनुभव

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यालगत, लेफकाडा बेटाच्या आसपास, आठवडाभर यॉटवरच मुक्काम करून शिडाची बोट हाकायला शिकवणारा ‘कॉम्पिटंट क्रू’ हा अभ्यासक्रम मी गेल्या सप्टेंबरात पूर्ण केला. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनने आखलेला हा अभ्यासक्रम ५ दिवसांचा असतो आणि संस्थेची मान्यता असलेल्या अनेक शाळा तो ‘सेलिंग हॉलिडे’ या नावाने विकतात. परतल्या परतल्या लिहिले असते तर निळ्याशार पाण्याचे गुणगान करूनच थांबलो असतो. मात्र त्यानंतर ऑक्टोबरपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत जमेल त्या रविवारी मुंबई बंदरात लहान कीलबोटीवर (बुडाला वजनदार पाते असलेल्या शिडाच्या बोटीवर) सराव केल्यामुळे तिथले कोणते शिक्षण इथे टिकले आणि कोणते अपुरे पडले, हे आता सांगता येईल.

लेफकाडाभोवतीचा हा आयोनियन समुद्र नवशिक्यांसाठी का निवडतात, हे पहिल्याच दिवशी कळते. मेगानिसी, इथाका, केफलोनिया ही बेटे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असल्यामुळे दिशा चुकण्याचे भय फारसे नसते. उन्हाळ्यात सकाळी पाणी निवांत असते, दुपारी वायव्येकडून ‘माएस्त्रो’ हा वारा उठतो आणि संध्याकाळी बहुधा आपोआप पडतो. याची दुसरी बाजू अशी की, सकाळचे कित्येक तास इंजिनच्या धडधडीत जातात. शाळेच्या जाहिरातीत याचा उल्लेख नव्हता आणि आमच्या प्रशिक्षकांनीही तो वेळ सत्कारणी लावला नाही. गाठी, नकाशावाचन, रेडिओवरील संभाषण यांचा सराव तेव्हा सहज झाला असता.

वारा आल्यानंतरचे शिक्षण मात्र अव्वल होते. दोर ‘विंच’वर (दोर ताणण्याच्या फिरत्या पिंपावर) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचा, अंगठा वेढ्यांपासून लांब ठेवायचा आणि ताणलेला दोर सैल करताना वेढ्यांवर तळहात सपाट दाबून तो इंचाइंचाने सोडायचा, हे इतक्या वेळा करून घेतले की आता हात आपोआप तसेच वळतात. पुढच्या शिडाच्या कडेजवळ दोन्ही अंगांना चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्यांचा धडाही असाच कायमचा टिकला. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असतील तर शीड बरोबर आहे. वाऱ्याकडचा धागा फडफडू लागला तर शीड आणखी आवळावे किंवा बोट वाऱ्यापासून थोडी दूर वळवावी. पलीकडचा फडफडला तर नेमके उलट करावे. ही खूण ग्रीसमध्ये जशी चालते तशीच मांडव्याच्या वाटेवरही चालते. शीड आणि वारा यांविषयी जे जे शिकलो, त्यातले काहीही वाया गेलेले नाही.

धक्क्याला लागण्याबाबत असे म्हणता येत नाही. भूमध्य समुद्रातील रीतीप्रमाणे बोटीच्या तीन-चार लांब्यांइतक्या अंतरावर पुढून नांगर सोडायचा, साखळी मोकळी करत रिव्हर्समध्ये मागे सरकायचे आणि बोटीची पाठ धक्क्याला लावून दोन दोर बांधायचे. इंजिनच्या पंख्यामुळे रिव्हर्समध्ये बोटीची मागची बाजू एका अंगाला ओढली जाते, त्यात बाजूने वारा असला की शेजारच्या बोटीवर जाऊन आदळण्याची पाळी येते. किओनीसारख्या चिमुकल्या बंदरात तर सकाळी कोणाचा नांगर कोणाच्या साखळीत अडकला आहे, हे सोडवण्याचा कार्यक्रम सर्व देशांच्या सुट्टीकरांना एकत्र आणतो. हे सारे शिकताना फार मजा आली, परंतु मुंबईत आल्यापासून या कौशल्याची मला एकदाही गरज पडलेली नाही. आमच्या बोटी गेटवेसमोर पाण्यात बोयांना (तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपांना) बांधलेल्या असतात आणि तिथवर जायचे ते होडीने.

खरा फरक इथेच आहे. आयोनियन समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, त्यामुळे नांगरलेल्या बोटी वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात आणि विद्यार्थी नकळत असे धरून चालतो की वारा कळला म्हणजे सगळे कळले. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी पाण्याच्या पातळीत साडेचार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो आणि तेवढे पाणी आत-बाहेर करताना जो प्रवाह निर्माण होतो, त्याच्यापुढे कीलबोटीला वाऱ्याचे ऐकून चालत नाही. ओढ जोराची असली की बोयाला बांधलेली बोट प्रवाहाकडे तोंड करते. वारा आणि प्रवाह समोरासमोर असतील तर मुख्य शीड आधी उतरवून, केवळ पुढच्या शिडावर, वारा पाठीशी घेऊन प्रवाहाविरुद्ध हळूहळू बोयापाशी यावे लागते, नाहीतर दोर हाती लागूनही बोट थांबत नाही. ग्रीसमध्ये हा प्रसंगच उद्भवत नसल्यामुळे तो शिकवलाही गेला नव्हता. समोरच्या खुणेवर बोटीचे नाक धरून निघावे आणि पाऊण तासाने ती खूण कितीतरी बाजूला सरकलेली दिसावी, हेही मला इथेच समजले. भरतीचा ढोबळ हिशेब आपल्याकडे किनाऱ्यावरच्या माणसांना पाठ असतो: पक्षातील तिथीला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. बोट नेण्यापूर्वी अर्थातच छापील भरतीचे कोष्टक पाहावे. त्या कोष्टकातील दोन वेळांच्या मधल्या तासांत पाणी किती चढेल हे काढण्याची बारा भागांची रीत (पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन आणि एक) मला थिअरीच्या पुस्तकातून स्वतःच शिकावी लागली. भरती-ओहोटीचा फरक ४ मीटर असेल, तर तिसऱ्या एका तासातच पाणी १ मीटर चढते किंवा उतरते, आणि बंदरातील उथळ चिखलाच्या पट्ट्यांजवळ हा मीटर फार महत्त्वाचा असतो.

बोटीवरच्या राहण्याविषयी थोडक्यात. टाकीतले पाणी मोजकेच असल्यामुळे अंघोळ म्हणजे समुद्रात डुबकी आणि वरून तांब्याभर गोडे पाणी. शौचालयात कागद टाकायचा नसतो, आणि हा नियम मोडणाऱ्याचे नाव सगळ्या बोटीला कळते. शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही. भात भरलेले टोमॅटो, पालक भरलेली पेस्ट्री आणि भाजलेले मोठे पांढरे घेवडे टॅव्हर्नांत, म्हणजे तिथल्या खाणावळींत, सहसा मिळतात. टणक सुटकेस नेऊ नये, कारण ती ठेवायला केबिनमध्ये जागाच नसते. घडी होणारी कापडी बॅगच न्यावी. रात्रीचे जेवण अनेकदा शुल्कात धरलेले नसते, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

यापुढची पायरी ‘डे स्किपर’ची, म्हणजे दिवसा स्वतः बोटीची सूत्रे सांभाळायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाची आहे. ती भूमध्य समुद्रात पूर्ण केल्यास प्रमाणपत्रावर भरती-ओहोटी नसलेल्या पाण्यातली अशी नोंद होते, आणि मुंबईत बोट चालवणाऱ्याला ती नोंद उणीच वाटेल. ज्यांना वर्षातून एकदा सुट्टीत ग्रीस किंवा क्रोएशियात बोट भाड्याने घ्यायची आहे, त्यांनी खुशाल तिथेच शिकावे. मी मात्र इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सोलेंटचा विचार करतो आहे. तिथे साउदॅम्प्टनला एका भरतीत पाणी दोनदा शिगेला पोहोचते, प्रवाह जोरकस असतात आणि हवेचा काही नेम नसतो. अर्ज भरण्यापूर्वी तेवढे चांगले पावसाळी कपडे घ्यायचे आहेत, कारण सह्याद्रीतल्या ट्रेकचा माझा रेनकोट तिथे पुरणार नाही असे तिकडे जाऊन आलेले सगळेच सांगतात.