सुपरमार्केटमध्ये मशीनवर स्वतः बिल करावं की काउंटरला उभं राहावं?

चार-पाच सीलबंद वस्तू असतील तर मशीनच बरं. बारकोड काचेसमोर धरायचा, यूपीआयने पैसे, सुटलो. पण बऱ्याच मशीनांत पिशवीखाली वजनकाटा असतो. नोंदलेलं आणि प्रत्यक्ष वजन जुळलं नाही की गाडी अडली, मग मदतनीसाची वाट बघा. घरची कापडी पिशवी मध्येच ठेवली तरी तेच!

सुटी भेंडी, रोख पैसे, कुपनं असतील तर सरळ काउंटर. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या काकू तिथेच जातात. कॅशियर गुजरातीत बोलतो, त्या मराठीत. सूट लागली नसेल तर तिथल्या तिथे भांडून घेतात. मशीनशी भांडणार कसं? दारावरचा रखवालदार मात्र दोघांचीही पावती तपासतोच.