आरव्हीच्या किचनमध्ये सुट्टीचा खाऊ: काय जमतं, काय नाही (भाड्याच्या गाडीचा रिव्ह्यू)

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही फिनिक्सहून ग्रँड कॅन्यन नॅशनल पार्कच्या साऊथ रिमला (दक्षिण कड्याला) २५ फुटी आरव्ही, म्हणजे आत किचन आणि झोपायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन गेलो, नवरा, मी, दोन पोरं आणि भारतातून आलेल्या सासूबाई. गाडी चालवायला कशी आहे, पेट्रोल किती पितं यावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, मी फक्त किचनचं सांगते, कारण बुकिंग करताना फोटोत तीन बर्नर, ओव्हन, मायक्रोवेव्ह, फ्रीज दिसतो आणि आपण म्हणतो अरे वा सगळं आहे की. आहे, सगळं आहे. फक्त एका वेळी सगळं नाही.

सगळ्यात मोठी अडचण कट्ट्याची. आरव्हीत शेगडीवरचं झाकण आणि सिंकवरचं झाकण हाच तुमचा कट्टा असतो, म्हणजे शेगडी पेटवली की अर्धा कट्टा गेला, हात धुवायला सिंक उघडलं की उरलेला गेला. परतलेलं पातेलं उतरवून ठेवायचं कुठे, थापायला ताट मांडायचं कुठे, हे आधी ठरवल्याशिवाय गॅस लावायचाच नाही. आम्ही शेवटी जेवायच्या टेबलवर टॉवेल घालून तोच कट्टा केला आणि पोरांना पत्ते घेऊन वरच्या बंकवर पाठवलं.

त्यामुळे खाऊ निवडताना माझा नियम असा झाला की एकच भांडं आणि एकच ट्रे लागणार असेल तर करायचं. यात पहिला नंबर फजचा, म्हणजे चॉकलेटच्या वडीचा. तीन कप चॉकलेट चिप्स आणि १४ औंसाचा कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, मंद आचेवर हलवत राहायचं, वितळलं की व्हॅनिला, अक्रोड, आणि फॉइल लावलेल्या ट्रेमध्ये ओतायचं, संपलं. अमेरिकेत ख्रिसमसला घरोघरी हेच करतात. मी व्हॅनिलाच्या जागी वेलची आणि वरून पिस्ते घातले, पोरांना फरक कळला नाही, सासूबाईंना कळला. घट्ट व्हायला फ्रीजमध्ये दोन तास पुरे असं म्हणतात पण ते घरच्या फ्रीजमध्ये हं. आमच्या गाडीतला फ्रीज गॅसवर किंवा करंटवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शनवाला होता, तो गार व्हायलाच अर्धा दिवस घेतो आणि गाडी तिरकी उभी असेल तर नीट चालत नाही. मग ट्रे झाकून रात्री ड्रायव्हरच्या काचेपाशी डॅशबोर्डवर ठेवला, तिथे इतकी थंडी असते की सकाळी वडी सुरीने कापायला जोर लावावा लागला. बाहेर पिकनिक टेबलवर मात्र काहीही ठेवू नका, डोमकावळे टपूनच बसलेले असतात आणि पार्कचा नियमही आहे की खाणं उघड्यावर सोडायचं नाही.

खोबऱ्याचे लाडू पण याच जातीतले, डेसिकेटेड कोकोनट, कंडेन्स्ड मिल्क, एक पॅन, दहा मिनिटं. यावर अजून काय लिहिणार, कोणालाही जमतात.

चिवड्याची गंमत वेगळी. पातळ पोहे भाजायला पसरट कढई लागते आणि आरव्हीच्या तिन्ही बर्नरवर मिळून एक मोठी कढई जेमतेम बसते, त्यात ज्योत एका बाजूला जास्त. म्हणून मी पोहे मायक्रोवेव्हमध्ये एकेक मिनिट लावून, मध्ये हलवून कुरकुरीत केले, छान झाले. पोहे संपले तेव्हा राईस क्रिस्पीज आणि कॉर्न फ्लेक्सचा केला, ते आधीच कुरकुरीत असल्याने नुसती फोडणी पुरते. पण फोडणी!! हिंग मोहरी तडतडली आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला, शेजारच्या साईटवरचे आजोबा येऊन विचारून गेले सगळं ठीक आहे ना. छतावरचा पंखा चालू आणि एक खिडकी उघडी, हे गॅस लावायच्या आधीच करायचं. फक्त वासासाठी नाही, गॅस जळताना कार्बन मोनॉक्साईड आणि वाफ दोन्ही होतात आणि एवढ्याशा जागेत ते धोक्याचं आहे, शिवाय काचांवरून पाणी गळायला लागतं. हिंगाचा वास गाडी परत देईपर्यंत कुशनमध्ये होता ते सोडा.

तळण विसरा. चकली, शंकरपाळे वगैरे मनात पण आणू नका. डुगडुगणाऱ्या गाडीत उकळतं तेल ही एक भीती आणि नंतर ते तेल टाकायचं कुठे ही दुसरी, सिंकमध्ये ओतलं तर ते ग्रे टँकमध्ये (गाडीखालच्या सांडपाण्याच्या टाकीत) जाऊन बसतं आणि चिकटतं. शंकरपाळे घरून करून न्यावेत, आम्ही डबा भरून नेला होता.

आता चिक्की, ज्याबद्दल खरं म्हणजे मला हा रिव्ह्यू लिहावासा वाटला. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ११०० फुटांवर आणि साऊथ रिम जवळजवळ ७००० फुटांवर. एवढ्या उंचीवर पाणी ९३ अंशालाच उकळतं, आणि पाकाचं गणितही त्याच प्रमाणात खाली सरकतं, दर ५०० फुटांना साधारण एक डिग्री फॅरनहाईट धरतात. मी कँडी थर्मामीटर घेऊन गेले होते आणि पुस्तकातल्या आकड्याची वाट बघत बसले होते. सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं तो काटा काय बघतेस, वाटीत गार पाणी घे आणि थेंब टाक." टाकला, तर कट्कन तुटणारी गोळी झालेली, काटा मात्र अजून कितीतरी खाली. आकड्याची वाट बघितली असती तर गूळ कडू झाला असता. एकतारी, दोनतारी, गोळी, या बोटाने बघायच्या खुणा पाकात पाणी किती उरलंय ते थेट सांगतात, डोंगरावर असा नाहीतर मुंबईत. तर उंचावर पाक करायचा असेल तर थर्मामीटर घरी राहू दे. आणि दाण्याचा कूट नाही, भाजलेले अर्धे दाणे घाला, कट्टा नसल्याने लाटायला जागा मिळत नाही, बटर पेपरवर ओतून दुसरा कागद ठेवून वाटीने दाबायचं.

ओव्हन. काय बोलू. तळाशी एकच बर्नर, आत पंखा नाही, पायलट (आतली छोटी ज्योत) पेटवायला जमिनीवर गाल टेकवून लायटर आत घालायचा. नानकटाई खालून काळी, वरून पांढरी. खाली पिझ्झा स्टोन ठेवला की बरं होतं असं अनुभवी लोक सांगतात, तो भाड्याच्या गाडीत कुठून येणार. आम्ही दुसऱ्या दिवसापासून ओव्हनमध्ये तवे आणि झाकणं ठेवली, उत्तम कपाट आहे.

करंटचं थोडं समजून घ्या नाहीतर चिडचिड होते. ३० अँपिअरचं कनेक्शन म्हणजे १२० व्होल्टवर जास्तीत जास्त ३६०० वॉट, संपूर्ण गाडीला. मायक्रोवेव्ह साधारण १५०० खातो, इलेक्ट्रिक किटली १५००, छोटा हीटर १५००. म्हणजे दोन चालतील, तिसरं लावलं की ब्रेकर पडला आणि अंधार. सासूबाईंचा चहा आणि माझे पोहे एकाच वेळी, वर नवऱ्याने हीटर लावलेला, हे रोज सकाळी. शेवटी चहा गॅसवरच ठरला. आणि आमच्यासारख्या गाडीत मायक्रोवेव्ह बॅटरीवर चालत नाही, जनरेटर किंवा कॅम्पमधल्या विजेच्या खांबाचं कनेक्शन लागतंच. त्यामुळे खाऊ करायचा असेल तर पार्कातल्या ट्रेलर व्हिलेज कॅम्पग्राऊंडला बुक करा, तिथे हुकअप (गाडीला जोडायची वीज, पाणी) आहेत आणि वर्षभर चालू असतं. मॅदर कॅम्पग्राऊंड जास्त सुंदर आहे, झाडीत, पण हुकअप नाहीत, जनरेटर ठरलेल्या वेळातच, आणि ३० फुटांपेक्षा मोठी गाडी चालत नाही.

एक अजून, बाहेर करू म्हणून ब्युटेनची कॅसेट शेगडी आणू नका. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं आणि तिथे डिसेंबरच्या रात्री शून्याच्या बऱ्याच खाली असतात. आमची फुरफुर करून विझली. शेजाऱ्यांची प्रोपेनवाली कोलमन शेगडी मस्त चालू होती, त्यांनी दिली तेव्हा दुसऱ्या चिवड्याची फोडणी बाहेर केली, अलार्म गप्प.

संध्याकाळी शेकोटीवर स्मोअर्स झालेच पाहिजेत, ग्रॅहॅम क्रॅकर, चॉकलेट आणि भाजलेला मार्शमेलो. शाकाहारी घरांनी लक्ष द्या, साध्या मार्शमेलोत जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं) असतं, डँडीज नावाचे बिनजिलेटिनचे मिळतात ते फिनिक्समधूनच घ्या. सासूबाईंनी मार्शमेलोच्या जागी खोबऱ्याचा लाडू दाबून ठेवला क्रॅकरमध्ये, आणि खरं सांगते, तो जास्त चांगला लागला.

कंपनीने वेगळे पैसे घेऊन दिलेलं "किचन किट" मात्र वैताग होतं. बिनधारेची सुरी, दोन पातेली आणि झाकण एकाचंच, चाळणी नाही, सांडशी तर विचारूच नका. कंपनीचं नाव नाही घेत, सगळीकडे कमीजास्त असंच असतं असं ऐकलंय. किट घेऊ नका, आपली एक कढई, सांडशी, सुरी, मसाल्याचा डबा आणि बटर पेपर एका खोक्यात भरून न्या. बेसन, पोहे, गूळ निघतानाच भरून घ्या, पार्कातल्या मार्केट प्लाझाच्या दुकानात चॉकलेट मिळेल, गूळ नाही.

शेगडीला चार स्टार, मायक्रोवेव्हला चार, फ्रीजला अडीच, ओव्हनला एक (कपाट म्हणून पाच). कट्ट्याला स्टार द्यायला आधी कट्टा तर हवा. पुढच्या वेळी दोन फूट मोठी गाडी मिळाली तरी मी हीच साईझ घेईन, पण बाजूने उघडणारी कट्ट्याची फळी आहे का ते फोन करून विचारेन, काही मॉडेलमध्ये असते आणि फोटोत ती दुमडलेली असल्याने दिसत नाही.