राजापूरची गंगा की उन्हाळे गावचं गरम पाणी?

दोन्ही झरे रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूरजवळच. उन्हाळ्याचा झरा बारमाही. गोमुखातून गंधकाचा वास असलेलं कढत पाणी पडतं. अंगावर घेतलं की प्रवासाचा शीण उतरतो. कधीही जा, निराशा होत नाही.

गंगेचं तसं नाही. ती साधारण तीन वर्षांनी अवतरते, तेही नेमाने नाही. एरवी तिची 14 कुंडं कोरडी. आली की वडाच्या मुळाशी पाणी उसळतं, काशीकुंडाचं गोमुख वाहू लागतं आणि शेजारशेजारच्या कुंडांतलं पाणी कमीजास्त गरम लागतं! ती अशी अधूनमधून येते ती जमिनीखालच्या नैसर्गिक सायफनमुळे, म्हणजे पाणी ठरावीक पातळीपर्यंत साठलं की ते आपोआप बाहेर ओढणाऱ्या वाटेमुळे, असं अभ्यासक सांगतात.

माझा कौल गंगेला. मात्र ती आल्याची खात्री करूनच निघा. नसेल तर सरळ उन्हाळे गाठा.