मत कशावर द्यायचं: नागरिकत्व की कापूस?

पारोळ्याचा भाचा विचारतो, "मामा, खासदार निवडताना आधी काय बघू?" भाषणं बाजूला ठेवून सांगतो.

निर्वासितांबाबतचा कायदा संसदेतच होतो, तिथे खासदाराचं मत थेट मोजलं जातं. झळ मात्र थोड्याच घरांना, पण पिढ्यांची. नागरिकत्व कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीचे (सीएए) नियम यायला मार्च २०२४ उजाडला. तोवर पाकिस्तानातून येऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसावर जगणाऱ्या सिंधी आजीबाईंनी कागद किती जपले असतील! शिवाय १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, म्हणजे या दुरुस्तीत न बसणाऱ्या निर्वासितांचं सगळं सरकारच्या मर्जीवर.

कापसाची झळ घरोघरी, दर हंगामाला. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल; ओलावा १२ टक्क्यांवर गेला की सीसीआयच्या (हमीभावाने कापूस घेणारं केंद्र सरकारचं महामंडळ) खरेदी केंद्रावर माल नाकारतात.

घर कापसावर चालत असेल तर आधी खरेदीचं विचार. नात्यागोत्यात, शेजारात कुणी व्हिसावर असेल, तर नागरिकत्वाचं.