आठ महिने 'हुकूम' वाचल्यावर: माझा अनुभव

गणपती विसर्जन झालं त्या आठवड्यात एका वाचनाच्या ॲपचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि आता घरात आंब्याच्या पेट्या यायला लागल्यात, म्हणजे आठेक महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. विषय आधीच सांगते म्हणजे ज्यांना नको त्यांनी इथूनच वळावं. मोठ्यांसाठीच्या शृंगारकथा, त्यातही एकाने हुकूम सोडायचा आणि दुसऱ्याने राजीखुशीने ऐकायचा तो प्रकार, डॉम-सब म्हणतात तो. मी चाळिशीची, लग्नाला १४ वर्षं झाली, रात्री साडेअकराला ओटा पुसून झाला की ई-रीडरचा लाईट कमी करून वाचत पडते. आतापर्यंत साठएक पुस्तकं उघडली, निम्मी अर्ध्यात सोडली.

पहिले दोन महिने वायाच गेले समजा. हिरो अब्जाधीश, चाळिसाव्या मजल्यावर फ्लॅट, हिरॉईन लिफ्टमध्ये अडखळते आणि पाचव्या पानावर हा न विचारता तिचं मनगट धरतो आणि लेखकाला वाटतं काय दमदार माणूस. अरे दमदार कसला, गर्दीच्या बसमध्ये भेटतो तोच हा, फक्त सूट घातलेला.

डिसेंबरात कधीतरी एक बरी गोष्ट हाताला लागली. दोघंही पन्नाशीपुढची, हुकूम देणारी ती. तो गुडघे टेकणार इतक्यात ती म्हणते थांब, कुठला गुडघा? कारण त्याचं ऑपरेशन झालंय हे तिने आठवडाभर आधी चहा पिताना विचारून ठेवलेलं असतं. मग सोफ्यावरची उशी ओढून खाली सरकवते आणि आवाज जराही मऊ न करता म्हणते, 'आता बस.' बास, एवढंच, कपडे सगळे अंगावर. मी ते पान तीनदा वाचलं. अब्जाधीशाच्या अख्ख्या फ्लॅटने जे झालं नव्हतं ते त्या उशीने झालं.

तेव्हापासून मी पुस्तक उघडलं की आधी हेच बघते, विचारणं कसं लिहिलंय. काही जण तेही केवायसीसारखं उरकतात, हे चालेल का, ते चालेल का, सही करा. चांगला लिहिणारा असेल तर त्या विचारण्यातच निम्मी मजा असते, कारण समोरच्याला 'हो' मोठ्याने म्हणावं लागतं, आणि आपल्यासारख्यांना तेच सगळ्यात जड जातं ना.

सेफवर्डचं, म्हणजे थांबण्यासाठी आधी ठरवून ठेवलेल्या शब्दाचं, पण तसंच. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे जरा हळू, हिरवा म्हणजे चालू दे, ही सिग्नलची पद्धत बऱ्याच कथांत असते. मला आधी वाटायचं हे काय फॅड, 'नको' म्हटलं की कळत नाही का? पण आपल्या लावण्या ऐका, सिनेमातली गाणी ऐका, 'नको' आणि 'सोडा' म्हणजे नक्की काय ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. हे आजचं नाहीये. कामसूत्रात प्रहणन आणि सीत्कार यांचं एक अख्खं प्रकरण आहे, हाताने मारण्याचे प्रकार मोजून सांगितलेत, आणि बाईच्या तोंडून येणाऱ्या आवाजांच्या यादीत वात्स्यायनाने 'थांबव', 'सोड', 'पुरे' अशा अर्थाचे शब्दही बसवलेत! आता हेच शब्द जर खेळातले धरले तर खरंच थांबायचं असेल तेव्हा बाईने म्हणायचं काय? आणि त्याच प्रकरणात पुढे काय येतं तर चोळांच्या राजाने असल्या मारात एका गणिकेचा जीव घेतला, कुंतल सातकर्णी सातवाहनाने स्वतःच्या राणीचा, मलयवतीचा. सातवाहन म्हणजे पैठणचे, आपलेच. वात्स्यायनाने त्या प्रकारांना नावं ठेवलीत, धोका आहे म्हणून बजावलंय, पण एक शब्द ठरवून ठेवा असं काही त्याला सुचलं नाही.

तर आम्ही शब्द ठरवला. नवरा म्हणाला दुधी, कारण त्याला दुधी अजिबात आवडत नाही आणि त्या वेळी दुसऱ्या कुठल्याही कारणाने तो शब्द तोंडात यायचा नाही. आम्ही अजून फारसं काही केलेलं नाही हां, वाचनच जास्त आहे, शब्द आधी ठरवून मोकळे झालो एवढंच. पण मंडईत भाजीवाल्या मावशी 'ताई, दुधी न्या, कोवळा आहे' म्हणाल्या आणि हा बाजूला उभा राहून असा काही खोकायला लागला की मला कढीपत्ता विसरून घरी यावं लागलं.

भाषेचं मात्र रडगाणं आहे. मराठीत असलं नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, आणि ॲपमध्ये मशीनने भाषांतर केलेलं आहे ते उघडूच नका. सबमिसिव्हला, म्हणजे हुकूम ऐकणाऱ्याला, 'अधीनस्थ' म्हणे, म्हणजे डोळ्यासमोर थेट जिल्हा परिषदेचा क्लार्क येतो. डॉमिनंटला 'वर्चस्ववादी', तो तर अग्रलेखातला शब्द. खरं तर हुकुमाची भाषा आपल्या घरात आधीपासून आहेच की. आई बाबांना 'अहो' म्हणायची, तिला कुणी विचारलं नव्हतं. कथेतली बाई 'सर' म्हणते ते तिने स्वतः निवडलेलं असतं, आणि दार उघडून बाहेर आली की परत अरेतुरे. मी नवऱ्याला पहिल्यापासून 'अरे'च म्हणते, तर एका रात्री नुसती गंमत म्हणून 'अहो, ऐकलंत का' म्हटलं आणि त्याचे कान लाल झाले. पुढचं लिहीत नाही.

अटी आधी कागदावर लिहून सही घेतात त्या करारवाल्या कथांचा मला कंटाळा आलाय, पण त्याचा मूळपुरुष मजेशीर निघाला. झाखर-माझोख नावाचा लेखक, ज्याच्या नावावरून मॅसोकिझम (त्रास सोसण्यात सुख वाटणं) शब्द आला, त्याने १८६९ साली खरोखरच एका बाईशी ६ महिन्यांचा गुलामीचा करार केला होता. अट अशी की तिने होईल तितकं फरचा कोट घालून राहायचं, आणि त्याला रोज ६ तास स्वतःच्या कामासाठी द्यायचे, त्याची पत्रं आणि लिखाण बघायचं नाही. रोजचे ६ तास! मी तर गुलामबिलाम नाहीये आणि मला ४० मिनिटं मिळतात.

ॲपबद्दल तक्रार एकच पण मोठी. जबरदस्तीच्या गोष्टी आणि राजीखुशीच्या गोष्टी एकाच कप्प्यात टाकतात, त्यामुळे परीक्षणं वाचून मगच हात घालावा लागतो. आणि घरात एकच अकाउंट ठेवू नका. जानेवारीत सासऱ्यांच्या टॅबवर माझ्या वाचनातलं एक कव्हर जाऊन बसलं, काळे चामडी हातमोजे आणि एक छडी. ते चष्मा वर करून म्हणाले, 'हे घोडेस्वारीवरचं आहे का गं?' मी हो म्हटलं आणि त्याच रात्री वेगळं अकाउंट काढलं.

रिन्यूअल पुढच्या आठवड्यात आहे, करणार आहे. फक्त परवा सासरे परत विचारत होते, ते घोड्यांचं पुस्तक तुझं वाचून झालं असेल तर मला दे म्हणून.